खाऱ्या हवेतल्या जुन्या पिकअपचे दिवे: बिघाड शोधायला सुरुवात कुठून करायची

ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटर मिणमिणतो. पार्किंग लावली की ब्रेकचा दिवा गायब. डावा इंडिकेटर दिला की नंबर प्लेटचा दिवाही त्याच तालावर लुकलुकायला लागतो. बंदरावर राबलेली दहा-बारा वर्षांची पिकअप सेकंडहँड घेतली की पहिल्याच आठवड्यात असले चमत्कार दिसतात. नवख्या माणसाला वाटतं सगळं वायरिंग गेलं, आणि गॅरेजातही बऱ्याचदा हेच ऐकू येतं: "पूर्ण वायरिंग बदलावं लागेल." पैसे काढण्याआधी थांबा. वर सांगितलेले तिन्ही चमत्कार बहुतेक वेळा एकाच गोष्टीमुळे होतात. मागच्या दिव्याचा अर्थ, म्हणजे करंट परत जायची जोडणी, गंजलेली असते.

बोलेरो पिकअप, टाटा २०७ किंवा त्या जातीची कुठलीही जुनी १२ व्होल्टची गाडी मासळी, आंबा नाहीतर चिरे वाहायला घेतली असेल, तर पुढचा क्रम तिच्यासाठी आहे. मॉडेलप्रमाणे वायरचे रंग आणि फ्यूजच्या जागा बदलतात, म्हणून रंगावर विसंबू नका. घरच्या वायरिंगची सवय असलेल्याचा इथेच घोटाळा होतो. घरात हिरवी वायर अर्थची असते. गाडीत अर्थ बहुधा काळी असते आणि हिरवी वायर इंडिकेटरचीही असू शकते. रंग बघून अंदाज बांधा, पण खात्री मीटरनेच करा.

एवढं एक डोक्यात पक्कं असू द्या. बॅटरीच्या प्लसमधून निघालेला करंट फ्यूज, स्विच, रिले (थोड्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारा स्विच) असं करत बल्बपर्यंत वायरीतून येतो. परत जाताना मात्र तो गाडीच्या लोखंडातून, म्हणजे बॉडी आणि चॅसीमधून, बॅटरीच्या मायनसला जातो. म्हणजे अर्धं वायरिंग लोखंडाचं आहे, आणि खाऱ्या हवेत लोखंडाचं काय होतं ते इथे कोणाला सांगायला नको.

१. आधी सामान जमवा

- साधा डिजिटल मल्टिमीटर. डीसी २० व्होल्टची रेंज आणि १० अँपियरचं होल असलेला.
- टेस्ट लॅम्प. सिंगल पॉइंटचा, म्हणजे एका फिलामेंटच्या बल्बचा होल्डर, त्यात ५ वॅटचा बल्ब, दोन वायरी आणि टोकांना मगर क्लिपा. असाच एक २१ वॅटचा बल्ब लावूनही करून ठेवा, पुढे लागणार आहे.
- पाच मीटर लांब जंपर वायर, दोन्ही टोकांना क्लिपा, मध्ये १० अँपियरचा फ्यूज.
- १.५ आणि २.५ चौरस मिलिमीटरची गाडीच्या वायरिंगची वायर, रिंग लग, क्रिम्पिंगची पक्कड, आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह.
- बारीक पॉलिश पेपर, तारेचा ब्रश, जुना टूथब्रश, व्हॅसलिन किंवा इलेक्ट्रिकल ग्रीस.
- सुटे भाग: ब्लेड फ्यूज (१०, १५ आणि २०), हेडलाइटचा ६०/५५ वॅटचा एच-फोर बल्ब, २१/५ चा डबल पॉइंट, २१ चा सिंगल पॉइंट, ५ वॅटचे दोन-चार, एक चार पिनांचा रिले, एक फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवतो तो).

बाजारात एलईडीचे टेस्टर पेन मिळतात. त्यांच्या भरवशावर राहू नका. एलईडीला नावाला करंट लागतो, त्यामुळे वायरीचा एकच धागा शिल्लक असला तरी तो लख्ख पेटतो आणि "सप्लाय आहे" असं खोटं सांगतो. बल्बचा टेस्ट लॅम्प लोड टाकतो, म्हणून खरं बोलतो. फक्त कॉमन रेल इंजिनच्या गाडीत ईसीयूच्या, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरच्या, वायरींना तो लावू नका. तिथे मीटरच वापरा.

काम सुरू करताना हातातली अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवा. बॅटरीचा प्लस आणि बॉडी यांच्यामध्ये अंगठी आली तर ती क्षणात लाल होते आणि बोटातून काढताही येत नाही. चाकाला गुटका लावा.

२. तक्रार लिहून काढा

एकाने आत बसायचं, दुसऱ्याने गाडीभोवती फिरायचं. पार्किंग, डिम, अप्पर, डावा इंडिकेटर, उजवा, चारही एकदम, ब्रेक, रिव्हर्स, नंबर प्लेट. एकदा इंजिन बंद ठेवून, एकदा चालू करून. त्यानंतर दोन-दोन गोष्टी एकत्र लावून बघा, म्हणजे पार्किंग आणि ब्रेक, पार्किंग आणि इंडिकेटर. खोड्या एकत्र लावल्यावरच उघड होतात.

कागदावरचं चित्र बघून निम्मं उत्तर मिळतं:

- एकच दिवा बंद असेल तर बल्ब, होल्डर किंवा त्या दिव्याचा अर्थ.
- एकाच कामाचे दोन्ही बाजूंचे दिवे बंद असतील तर फ्यूज, रिले किंवा स्विच.
- एका कोपऱ्यातले सगळेच दिवे वेड्यासारखे वागत असतील तर त्या कोपऱ्याचा अर्थ.
- सगळी गाडीच मंद, रेस दिल्यावर उजळते, तर बॅटरी, अल्टरनेटर, त्याचा पट्टा किंवा मुख्य अर्थ केबल.
- खड्ड्यात गेली की दिवे जातात-येतात, तर ढिला जॉइंट.

एक फसवा प्रकार: दोन्ही डिम बंद आणि अप्पर चालू. माणूस लगेच स्विच उघडायला घेतो. दोन्ही बल्ब एकाच दिवशी बसवलेले असतील तर त्यांची डिमची फिलामेंट जवळपास एकाच वेळी संपणं अगदी शक्य आहे. आधी एक बल्ब बाहेर काढून बघा.

३. बॅटरी आणि चार्जिंग

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, किल्ली न फिरवता, बॅटरीच्या दोन खांबांवर मीटर लावा. १२.६ म्हणजे भरलेली. १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी, आणि अशा बॅटरीवर दिव्यांचा बिघाड शोधायला बसू नये. आधी चार्ज करून घ्या. इंजिन चालू, हेडलाइट लावलेले, थोडी रेस दिलेली, अशा वेळी १३.८ ते १४.४ हवेत. १३ च्या खाली राहिलं तर चार्जिंग कमी. १४.८ च्या वर गेलं तर रेग्युलेटर बिघडलाय, आणि मग बल्ब वरचेवर का उडतात याचं उत्तर बल्बच्या कंपनीत नाही, इथे आहे.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून टूथब्रशने घासा. ते पाणी बॅटरीच्या आत जाता कामा नये. केबल काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी. घट्ट केल्यावर वरून व्हॅसलिन लावा.

आता मायनसची केबल कुठे जाते ते डोळ्यांनी बघा. बॅटरीपासून बॉडी, चॅसी आणि इंजिन अशी जोडणी असते, आणि त्यातली एखादी पट्टी आतून गळून पडलेली सापडते. वरून बरी दिसते, वाकवली की भुगा. तपासायची रीत: हेडलाइट लावा, मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनस खांबावर (क्लॅम्पवर नव्हे, खांबावरच) आणि दुसरी आळीपाळीने बॉडी, चॅसी, इंजिन यांच्या खरवडलेल्या जागेवर. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर उत्तम. ०.५ आलं तर ती जोडणी मेलेली समजा.

४. फ्यूज

फ्यूज काढून उजेडात धरून बघणं पुरेसं नाही. फ्यूज जागेवरच ठेवा, टेस्ट लॅम्पची एक क्लिप बॅटरीच्या मायनसला लावा आणि दुसरी फ्यूजच्या पाठीवरच्या दोन्ही उघड्या टोकांना आळीपाळीने टेकवा. दोन्हीकडे पेटला तर फ्यूज ठीक. एकीकडेच पेटला तर उडालेला. किनाऱ्यावरच्या गाड्यांत तिसराही प्रकार असतो: फ्यूज शाबूत, पण ज्या खाचेत बसतो ती हिरवी पडलेली. तिथे नवा फ्यूज घालून उपयोग नाही, खाच साफ करून तिची पकड किंचित आवळावी लागते.

रंग पाठ असू द्या: लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३० अँपियर. निळा सारखा उडतो म्हणून हिरवा घालणं किंवा सिगारेटच्या पाकिटाची चांदी गुंडाळणं म्हणजे फ्यूजऐवजी वायरिंग जाळायची तयारी. फ्यूज उडतोय म्हणजे कुठेतरी प्लसची वायर लोखंडाला टेकते आहे.

ती जागा शोधायची युक्ती स्वस्त आहे. त्या सर्किटमधले सगळे बल्ब काढून ठेवा. उडालेल्या फ्यूजच्या जागी, त्याच्या दोन खाचांमध्ये, २१ वॅटचा टेस्ट लॅम्प जोडा आणि स्विच चालू करा. शॉर्ट असेल तर लॅम्प पूर्ण प्रकाशाने पेटेल. सगळा करंट त्या बल्बमधून जात असल्यामुळे काही जळत नाही, फ्यूजही संपत नाहीत. आता पुढून मागे जात वायरिंग हलवत चला. ज्या जागी हलवल्यावर लॅम्प विझला, तिथे टेप उघडा. पिकअपमध्ये ही जागा बहुधा चॅसीच्या पट्टीतून वायर बाहेर येते ते भोक, स्पेअर व्हीलचा कंस नाहीतर हौद्याचे, म्हणजे माल भरायच्या मागच्या भागाचे, बोल्ट. हौद्याला मागे कधी वेल्डिंग झालं असेल तर त्या जागेच्या बरोबर खाली बघा. ठिणग्यांनी वितळलेलं इन्सुलेशन टेपखाली लपलेलं असतं. तुम्ही स्वतः वेल्डिंग करून घेणार असाल तर बॅटरीच्या दोन्ही केबली काढून ठेवा आणि चॅसीच्या आतून जाणारं वायरिंग बाजूला बांधा.

उंदरांचंही लक्षात ठेवा. आंब्याच्या पेट्यांतला पेंढा हौद्यात आणि केबिनमागे साचतो, आणि पेंढा असेल तिथे उंदीर येतो. मोसम संपला की तो झाडून काढा.

५. अर्थ, म्हणजे खरं काम

एखादा दिवा विचित्र का वागतो ते समजून घेतलं की पुढचं सोपं जातं. मागच्या २१/५ च्या बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात: ५ वॅटची पार्किंगची, २१ ची ब्रेकची. दोघींचा अर्थ एकच, बल्बची पितळी टोपी. हा अर्थ तुटला आणि तुम्ही ब्रेक दाबलात, तर २१ च्या फिलामेंटमधून आलेल्या करंटला घरी जायला वाट नसते. मग तो उलटा ५ च्या फिलामेंटमधून पार्किंगच्या वायरीत शिरतो आणि नंबर प्लेटच्या नाहीतर दुसऱ्या बाजूच्या दिव्यातून अर्थ शोधतो. म्हणून ब्रेक दाबल्यावर भलतेच दिवे मिणमिणतात. बल्ब कितीही वेळा बदला, फरक पडणार नाही.

खात्री करायला दोन मिनिटं लागतात. जंपर वायरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं त्या दिव्याच्या होल्डरच्या धातूला लावा. दिवे लगेच शहाण्यासारखे वागू लागले तर बिघाड सापडला. आकड्यात हवं असेल तर ब्रेक दाबून ठेवायला सांगा, मीटरची लाल पिन होल्डरच्या धातूला, काळी बॅटरीच्या मायनस खांबाला. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. तिथे २-३ व्होल्ट दिसले, तर तेवढा दाब गंजात फुकट चाललाय.

आता दुरुस्ती. गंजलेला स्क्रू आणखी आवळणं ही दुरुस्ती नव्हे. तो आठवडाभर चालतो आणि पुन्हा तेच. मूळ अडचण अशी की मागचे दिवे हौद्याला किंवा त्याच्या खालच्या कंसाला बसवलेले असतात, हौदा चॅसीवर लाकडाच्या नाहीतर रबराच्या पट्ट्यांवर बसतो, आणि मधले बोल्ट गंजतात. त्यात मासळीची गाडी असेल तर क्रेटमधला बर्फ वितळून खारं पाणी फटींतून थेट दिव्यांवर आणि त्यांच्या वायरीवर गळत राहतं. हरणैच्या किंवा मिरकरवाड्याच्या बंदरावरून भरून निघालेली गाडी घाट चढायला लागली की हे सगळं पाणी मागे येतं, आणि दिवे मागेच असतात.

म्हणून हौद्याच्या लोखंडावर विसंबून न राहता दोन्ही मागच्या दिव्यांना स्वतंत्र अर्थ वायर ओढा. प्रत्येक होल्डरच्या धातूपासून १.५ ची काळी वायर, दोन्ही एकत्र जोडून तिथून २.५ ची एक वायर चॅसीपर्यंत. जागा चॅसीच्या पट्टीच्या आतल्या बाजूला, वरच्या अंगाला निवडा, हौद्यातून पाणी गळतं तिच्या बरोबर खाली नको. रुपयाएवढ्या जागेवरचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने काढा, लोखंड चांदीसारखं चमकेपर्यंत. रिंग लग, त्याखाली दातेरी वॉशर, नवा बोल्ट, मागून नट. घट्ट आवळून झाल्यावर वरून ग्रीस किंवा रंग लावा. रंग आधी लावलात तर सगळी मेहनत वाया, कारण रंगातून करंट जात नाही. चॅसीच खूप सोलवटलेली असेल तर वायर सरळ बॅटरीच्या मायनसपर्यंत न्या. चार-पाच मीटर वायर जास्त लागेल, पण पुढच्या पावसाळ्यात पुन्हा आडवं होऊन गाडीखाली शिरावं लागणार नाही.

पुढच्या दिव्यांचा अर्थ बहुधा बॅटरीजवळच्या मडगार्डवर किंवा रेडिएटरच्या कंसावर असतो. तिथेही हेच करा.

६. होल्डर, कपलर आणि वायर

बल्ब काढून होल्डरच्या तळाशी बघा. हिरवी भुकटी म्हणजे तांब्या-पितळेचा गंज. पेन्सिलीला पॉलिश पेपर गुंडाळून आत फिरवा, स्प्रिंगवरचे दोन टिकले वर-खाली नीट हलतात का बघा. स्प्रिंग जाम असेल तर होल्डर बदला, त्यात वेळ घालवू नका.

डबल पॉइंट बल्बच्या बाजूच्या दोन खुंट्या वेगवेगळ्या उंचीवर असतात, तो एकाच दिशेने बसतो. झिजलेल्या होल्डरमध्ये तो उलटाही कोंबता येतो. मग पार्किंग लावल्यावर ब्रेकएवढा लाल प्रकाश पडतो आणि ब्रेक दाबल्याचं मागच्याला कळतच नाही. रात्री घाटात हे जिवावर बेतू शकतं.

कपलर (वायरी एकमेकींत अडकवायचा प्लॅस्टिकचा जोड) उघडून हिरवा दिसला तर पिन साफ करून भागेल की वायरच कापावी लागेल, हे वायर सोलून बघा. खारं पाणी इन्सुलेशनच्या आतून, दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं, वर चढत जातं. वायर सोलल्यावर तांबं काळं निघालं तर आणखी दोन इंच मागे कापा. तिथेही काळं असेल तर आणखी मागे. कधी कधी फूटभर कापावं लागतं. काळ्या तांब्यावर लग नीट दाबला जात नाही आणि कथिल तर धरतच नाही. चकचकीत तांबं दिसेपर्यंत थांबू नका.

जोड देताना नुसती पीळ मारून टेप गुंडाळणं हा इथला सगळ्यात जास्त दिसणारा जोड, आणि सगळ्यात लवकर जाणारा. मे महिन्याच्या उन्हात टेपचा गोंद वितळून सुटतो, मिरगाच्या पहिल्या सरीला पाणी आत जातं. क्रिम्प करा, वर गोंदवाली हीट श्रिंक चढवा, गरम केल्यावर दोन्ही तोंडांतून गोंद थोडा बाहेर आलेला दिसला पाहिजे. दिव्यात शिरण्याआधी वायरीला खाली एक झोका द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोक्याच्या तळाशी ठिबकून जाईल, दिव्यात जाणार नाही.

काच फुटलेली किंवा गॅस्केट गेलेलं असेल तर बदला, पण सगळीकडून सिलिकॉन फासून दिवा डबाबंद करू नका. तळाशी पाणी निथळायला छोटं भोक असतं. तांबडी धूळ तर त्यात भरतेच, कुंभारीण माशीही मातीचं घर बांधून ते बुजवते. काडीने मोकळं करा.

पावसाळ्याआधी चॅसीवर डिझेल-ऑइलचा फवारा मारायची पद्धत आहे. लोखंडाला तो बरा असेल, पण तेलाने टेपचा गोंद सुटतो आणि रबरी बूट फुगतात. मारणारच असाल तर कपलर आणि दिव्यांची पाठ प्लॅस्टिकने झाका. धुलाईचा प्रेशर पाइपही कपलरवर सरळ धरू देऊ नका.

७. हेडलाइट मंद असतील तर

आधी दिव्याच्या आत बघा. रिफ्लेक्टरची चांदी उडून तो राखाडी झाला असेल तर कुठलंही वायरिंग प्रकाश वाढवणार नाही, दिवा बदला.

रिफ्लेक्टर चांगला असेल तर इंजिन चालू ठेवून, डिम लावून, पेटलेल्या बल्बच्या मागच्या पिनांवर व्होल्टेज मोजा. बॅटरीवर १४ आणि बल्बवर साडेअकरा, असं चित्र जुन्या गाडीत नेहमी दिसतं. फिलामेंट बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या मानाने फार वेगाने पडतो: व्होल्टेज दहा टक्के उतरलं तर प्रकाश तीस टक्क्यांच्या आसपास कमी होतो. जुन्या गाडीत दोन्ही हेडलाइटचा करंट, म्हणजे ५५ वॅटच्या दोन बल्बांचे नऊ अँपियर, बऱ्याचदा स्टिअरिंगखालच्या कॉम्बिनेशन स्विचमधूनच फिरवलेला असतो. स्विचचे पॉइंट काळवंडले, वायर बारीक, वाट लांब, मग बल्बपर्यंत काय पोचणार.

इथे लोक १००/९० चा बल्ब घालतात. करंट दीडपटीहून जास्त होतो, बारीक वायर गरम होते, होल्डर वितळतो, शेवटी स्विच जळतो. ६०/५५ चाच बल्ब ठेवा आणि रिले लावा. डिमला एक, अप्परला एक. बॅटरीच्या प्लसपासून अर्ध्या फुटाच्या आत प्रत्येकाला १५ अँपियरचा फ्यूज. फ्यूजमधून २.५ ची वायर रिलेच्या ३० नंबर पिनला, ८७ मधून २.५ ची वायर दोन्ही बल्बांना. जुन्या हेडलाइट कपलरची वायर ८६ ला, ८५ चांगल्या अर्थला. आता स्विचमधून फक्त रिलेच्या कॉइलपुरता करंट जातो. रिले पिना खाली करून बसवा, वर केल्या की त्यात पाणी साठतं. हेडलाइटच्या बल्बचा होल्डर सिरॅमिकचा घ्या.

रिले जोडण्याआधी एक खात्री करा. काही गाड्यांत हेडलाइटचा स्विच प्लस नाही, अर्थ तोडतो. कपलरच्या तीन पिनांपैकी जी दोन्ही फिलामेंटना सामायिक असते, ती अर्थच आहे ना, हे मीटरने बघा. तिच्यावर १२ व्होल्ट आले तर वरची जोडणी जशीच्या तशी चालणार नाही.

एच-फोरच्या काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल तापून काच तिथेच तडकते. लागलंच तर स्पिरिटने पुसा. आणि फोकस नेहमीच्या वजनाइतका माल भरून सेट करा. पिकअप मागून दबली की तोंड वर करते, आणि रिकाम्या गाडीवर लावलेला डिम भरल्यावर समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

८. इंडिकेटर

एका बाजूला भरभर लुकलुकतो, तर त्या बाजूचा एक बल्ब गेलाय किंवा २१ च्या जागी कोणीतरी १० चा घातलाय. एलईडी घातल्यावरही हेच होतं, कारण जुना फ्लॅशर बल्बच्या लोडवर ताल धरतो. एलईडी हवेच असतील तर एलईडीला चालणारा फ्लॅशर घ्या.

दोन्ही बाजू बंद आणि चारही एकदम मात्र लागतात, तर फ्लॅशर ठीक आहे. इंडिकेटरचा फ्यूज बघा, नंतर हॅझार्डचा स्विच. बऱ्याच गाड्यांत इंडिकेटरचा सप्लाय त्याच स्विचमधून जातो आणि तो वर्षानुवर्षं न दाबल्यामुळे पॉइंट काळे पडतात. पंधरा-वीस वेळा दाबून सोडा. हसू नका, बऱ्याचदा एवढ्यावरच भागतं.

९. ब्रेक आणि रिव्हर्स

ब्रेकचे दोन्ही दिवे बंद: फ्यूज बघा, मग पेडलच्या वरच्या स्विचच्या दोन वायरी एकमेकींना जोडा. दिवे लागले तर स्विच गेला. दिवे कायम लागलेले राहतात: पेडलवरचं रबरी बटण झिजून पडलेलं असतं आणि स्विचची दांडी मोकळी सुटते. पायाखाली चटईत शोधा, तुकडे सापडतील.

रिव्हर्सचा स्विच गिअरबॉक्सवर असतो, तपासायची रीत तीच.

१०. सकाळी बॅटरी उतरलेली

मायनस केबल काढा. मीटर १० अँपियरच्या होलवर लावून खांब आणि केबल यांच्यामध्ये जोडा. किल्ली बंद, दरवाजे बंद. ०.०५ अँपियरपर्यंत ठीक. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडेल त्या सर्किटमध्ये चोर आहे. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटर जाईल.

११. वायरमनकडे कधी जायचं, पासिंगला काय न्यायचं

जळालेला कॉम्बिनेशन स्विच, इंजिनजवळ वितळलेलं वायरिंग आणि अल्टरनेटर ही कामं त्याची. जाताना मोजलेले आकडे लिहून न्या: बॅटरीवर किती, बल्बवर किती, अर्थला किती. "लाइट लागत नाही" म्हणण्यापेक्षा "बॅटरीवर १४, बल्बवर साडेअकरा" म्हटलं की काम नेमकं होतं. "डायरेक्ट करून देतो" म्हणाला तर फ्यूज कुठे बसवणार ते विचारा, आणि बसवलेला दाखवायला सांगा.

आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीचं पासिंग, म्हणजे फिटनेस तपासणी, दरवर्षी असतं आणि त्यात दिवे बघतातच. सोबत आरसी, विमा, पीयूसी, कर भरल्याची पावती, आधीचं फिटनेस, लागू असेल तर परमिट. रिफ्लेक्टरच्या पट्ट्या पुढे पांढऱ्या, बाजूला पिवळ्या, मागे लाल. मागच्या पट्ट्या मिठाने पांढुरक्या पडल्या असतील तर आधी बदला.

हे सगळं करायला मे महिन्याचा शेवट बरा. आंबा आटोपत आलेला असतो, मासेमारी बंदीमुळे बंदरावरची गाडी उभी राहायच्या बेतात असते, आणि कोरड्या हवेत जोड नीट बसतात. एरवी मोसमात एवढंच: बंदरावरून रिकामी आलेली गाडी त्याच संध्याकाळी मागून गोड्या पाण्याने धुवा, साध्या पाइपने, हौदा, फळीच्या फटी आणि दिव्यांच्या खालची चॅसी. मग ब्रेक आणि पार्किंग एकत्र लावून एकदा मागे जाऊन बघा.